काळ्या पाषाणाची साक्ष

राजूरच्या शिवारात विहीर खणू लागले म्हणजे वरची काळी हात-दोन हातांत संपते, मग मुरूम लागतो, मुरुमाखाली मांजऱ्या, आणि त्याच्याही खाली असा काळा पाषाण लागतो की पहारीचे टोक बोथट होऊन अखेर सुरुंगाचाच आश्रय करावा लागतो. मांजऱ्याच्या लहानमोठ्या पोकळ्यांतून कधी पांढरे, कधी किंचित हिरवट स्फटिक चमकतात. खणणारा गडी एखादा उचलून क्षणभर उन्हात धरतो, जवळ उभ्या असलेल्या पोराच्या हाती देतो आणि पुन्हा पहारीला हात घालतो. ह्या स्फटिकांचा जन्म कसा झाला, हा खडक थरांवर थर घालून कोणी आणि केव्हा रचला, हा प्रश्न त्या शिवारात कोणाला पडत नसेल असे नाही. परंतु तो प्रश्न म्हणजेच उपासना होय, अशा श्रद्धेने त्याचा पाठपुरावा करणारी ख्रिस्ती माणसे एके काळी ह्याच दख्खनच्या पठारावर वावरत होती, आणि त्यांची हकीकत मराठीत आजवर तुटक तुटक सांगितली गेली आहे.

राजूरचा लौकिक अर्थातच गणपतीचा. जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव साडेतीन गणेशपीठांपैकी एक पूर्ण पीठ म्हणून गणले जाते, वरेण्य राजाला गणेशगीता येथेच सांगितली गेली अशी क्षेत्राची परंपरा आहे, आणि अंगारकीला टेकडीवर माणसांचा महापूर लोटतो. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलात होता, पुढे औरंगाबाद जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निराळा झाल्यावर त्यात आला. ख्रिस्ती धर्माचा येथे संबंध काय, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर देण्यासाठी राजूरहून दक्षिणेकडे जालन्यापर्यंत, नैर्ऋत्येला नेवाशापर्यंत आणि पूर्वेला थेट नागपूरपर्यंत नजर टाकावी लागते. आणि ही सारी ठाणी एकाच काळ्या पाषाणावर उभी आहेत, हे प्रथमच सांगून ठेवावे लागते.

सृष्टीचे निरीक्षण हा ख्रिस्ती श्रद्धेचा काही उपरा अलंकार नव्हे. शुभवर्तमानांतला येशू आपल्या श्रोत्यांना आकाशातल्या पाखरांकडे व रानातल्या फुलांकडे पाहावयास सांगतो, मोहरीच्या दाण्यावर दृष्टान्त रचतो, अंजिराच्या कोवळ्या फांदीवरून उन्हाळा ओळखावयास शिकवतो आणि सायंकाळच्या तांबड्या आभाळावरून हवामान ताडणाऱ्या लोकांना काळाची चिन्हे का कळत नाहीत, असा जाब विचारतो. हे बोलणे शेतकऱ्या-कोळ्यांत वाढलेल्या माणसाचे आहे. त्यातूनच पुढे अशी एक धारणा रूढ झाली की ईश्वराने दोन ग्रंथ दिले, एक पवित्र शास्त्राचा आणि दुसरा सृष्टीचा, आणि दोहोंचे वाचन सारख्याच सावधपणे केले पाहिजे. इंग्लंडात धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेल्या जॉन रे याने सृष्टीतील ईश्वरी शहाणपणावरचा आपला ग्रंथ १६९१ साली लिहिला, सेलबोर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याने आपल्या गावच्या पाखरांची, किड्यांची व ऋतूंची टिपणे १७८९ साली छापली, आणि १८०२ साली विल्यम पेलीने सृष्टीच्या रचनेवरून रचनाकाराचे अस्तित्व सिद्ध करू पाहणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकात जे मिशनरी हिंदुस्थानात उतरले, त्यांतले अनेक ह्याच हवेत लहानाचे मोठे झाले होते.

मराठीशी ह्या परंपरेचा पहिला दुवा फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली लिस्बनहून गोव्यास आला तेव्हा प्रवासाची हकीकत त्याने आपल्या वडिलांना पत्राने कळवली, आणि त्या पत्रात समुद्रावरची पाखरे व मासे मोठ्या कुतूहलाने टिपलेले आहेत; हाच गृहस्थ १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापतो आणि त्यात मराठीचे कौतुक करताना फुले, पाखरे व वृक्ष ह्यांच्याच उपमा योजतो. दुसरा दुवा विल्यम कॅरीचा. बंगालातल्या श्रीरामपुरास राहून त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, हे आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदलेले असते. परंतु त्याच कॅरीने रॉक्सबर्गचा हिंदी वनस्पतींवरचा ग्रंथ संपादून छापला, १८२० साली कृषी व उद्यानविद्येची संस्था काढली, आणि आपल्या सह्याद्रीत ज्याला कुंभा म्हणतात त्या झाडाच्या शास्त्रीय नावात रॉक्सबर्गने कॅरीचे नाव कायमचे गोवून ठेवले, हे सांगणारे थोडे. व्याकरण लिहिणारा आणि रोपे लावणारा ही दोन माणसे नव्हती.

आता जालन्याकडे वळू. येथे फौजेची छावणी होती, आणि छावणीच्या आडोशाने मिशनही आले. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मूळचे परळीकर घराण्यातले. मुंबईत १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत ह्याच्यावरून त्या वर्षी कोर्टात जो दावा उभा राहिला व पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देववून त्या मुलाला स्वधर्मात परत घेण्यासाठी जो पुढाकार घेतला, ते प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. पण मोठा भाऊ नंतर कोठे गेला, ह्याची चौकशी आपण सहसा करीत नाही. तो जालन्यास आला. सर सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली, आणि गावगाड्याने वेशीबाहेर ठेवलेली मांग-महारांची घरे तेथे येऊन राहिली. याकोबाने उशाला धोंडा घेऊन रात्र काढली आणि सकाळी तोच धोंडा उभा करून त्या जागेला बेथेल हे नाव दिले, ही बायबलातली कथा. मराठवाड्याच्या खडकाळ माळावर वसवलेल्या गावाला ह्याहून समर्पक नाव मला तरी सुचत नाही. शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलले, १८९१ साली वारले. सृष्टीच्या ग्रंथावर त्यांनी टिपणे लिहिली नसतील. पण ज्यांच्या हाताखाली कधी स्वतःची जमीन नव्हती अशा माणसांना घेऊन माळावर गाव बसवणे, हेही त्या ग्रंथाचे वाचनच होते असे मी मानतो. आणि वेशीबाहेरचे ते लोक काही रिकाम्या हाताने आले नव्हते. अंबाडी केव्हा सोलावी, केकताड किती दिवस पाण्यात कुजवावे, शिंदीचे कोणते पाते केरसुणीला चालते, हे दोर वळणाऱ्या मांगाइतके कोणाला कळत होते?

शेषाद्री ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, त्याच चर्चचा आणखी एक माणूस १८४५ पासून नागपुरात होता. स्टीफन हिस्लॉप हे नाव आज नागपूरकरांच्या तोंडी कॉलेजचे नाव म्हणून आहे; त्या माणसाची ओळख मात्र पुसट झाली आहे. भोसल्यांचे राज्य अजून खालसा झालेले नव्हते तेव्हा तो आला, शाळा काढली, मराठीत उपदेश करू लागला, आणि उपदेशाच्या फिरतीत त्याच्या हातात एक हातोडा असे. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर हाही तसाच. सीताबर्डीच्या टेकडीत व नागपूरजवळच्या टाकळीच्या माळावर त्या दोघांना अशी एक गोष्ट दिसली की जिच्यावरून रोज शेकडो माणसे चालत जात होती: खालीही अग्निजन्य खडक, वरही अग्निजन्य खडक, आणि मध्ये गोड्या पाण्यातल्या गाळाचा एक पातळ थर. त्या थरात गोगलगाईंचे शिंपले होते, फळे व बिया होत्या, भुंग्यांच्या पाठीवरची कठीण कवचे होती.

ह्या थराचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. लाव्हाचा एक लोट आला, थिजला, मग इतका काळ गेला की त्याच्या पाठीवर तळी साचली, तळ्यांकाठी झाडे वाढली, गोगलगाई जन्मल्या-मेल्या. आणि मग दुसरा लोट येऊन ते सारे झाकून गेले. म्हणजे राजूरच्या विहिरीत जो पाषाण लागतो तो एका दमात ओतलेला नाही. आजचे भूशास्त्र हा काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा ठरवते. हिस्लॉपजवळ तो आकडा नव्हता, पण मधल्या अवकाशाची जाणीव त्याला होती. त्याचा व हंटरचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय सभेच्या नियतकालिकात छापला गेला. वरोऱ्याकडच्या मांगली गावी मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन त्याच वर्षी रिचर्ड ओवेनने केले, आणि एका खनिजाला हिस्लॉपचे नाव मिळाले. एवढे असूनही तो स्वतःला शाळामास्तर आणि उपदेशकच समजत राहिला. खडकांकडून तो माणसांकडे वळला तोही ह्याच वृत्तीने: गोंडांच्या लिंगोची परंपरागत गाथा त्यांच्या परधानाच्या, म्हणजे वंशपरंपरेच्या गायकाच्या, मुखातून त्याने उतरून घेतली, आणि ती त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली सर रिचर्ड टेंपलने प्रसिद्ध केली. ज्या परधानाने ती गायिली त्याला हिस्लॉपच्या कीर्तीचा अर्धा वाटा दिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८६३ च्या सप्टेंबरची ४ तारीख. टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परत येत असता, रात्रीच्या अंधारात, पावसाने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. शेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हावयास चारच दिवस उरले होते.

जालन्याच्या नैर्ऋत्येस, गोदावरी ओलांडून, नेवासे तालुक्यात वडाळा बहिरोबा म्हणून गाव आहे. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्याच शिवाराला लागलेल्या ह्या मुलखात अमेरिकन मराठी मिशनचा सॅम्युएल बेकन फेअरबँक अनेक वर्षे राहिला. जन्म अमेरिकेत, १८२२ चा; हिंदुस्थानात आगमन १८४६ साली; मृत्यू १८९८ साली. मधली बहुतेक सारी हयात मराठी मुलखात गेली. त्याचा छंद पाखरांचा, आणि पाखरांबरोबर जमिनीवरच्या गोगलगाईंचाही. ज्या ह्यूमसाहेबांना आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो, ते त्या आधी पक्षिशास्त्राचे ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक चालवीत असत. त्याच्या १८७६ सालच्या खंडात खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव येथील सह्याद्रीच्या रांगांत व दख्खनेत अहमदनगरजवळ मिळवलेल्या पक्ष्यांची फेअरबँकने दिलेली यादी आहे. अहमदनगरच्या १८८४ सालच्या सरकारी गॅझेटियरलाही पक्ष्यांविषयीची माहिती त्याने पुरवली. दक्षिणेतील पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याला १८६९ साली ब्लॅनफर्डने त्याचे नाव दिले; आणि हा ब्लॅनफर्ड दख्खनच्या काळ्या पाषाणाचाही अभ्यासक होता, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

पाखरांची यादी म्हणजे काय, हे ज्याने शेतात उभे राहून पाखरे पाहिली आहेत त्यालाच समजेल. भोरड्यांचेच घ्या. पाऊस सरता सरता त्या मध्य आशियाकडून येतात. रब्बीच्या ज्वारीत दाणा भरू लागला की त्यांचे थवे असे उतरतात की ताटे वाकतात, माळ्यावरचा राखणदार गोफण फिरवून घसा कोरडा करतो, थवा उठतो, एकदम एका कुशीवर वळतो, त्या वळणात त्यांच्या अंगाचा गुलाबी रंग क्षणभर दिसतो, आणि तो पलीकडच्या वावरात पुन्हा उतरतो. शेतकऱ्याच्या हिशेबी भोरडी म्हणजे चोर. पण टोळ आले तर हीच भोरडी टोळांवर तुटून पडते, आणि फाल्गुनात पळस-सावर फुलले म्हणजे फुलांत चोच घालून बसते, तेव्हा तिच्या कपाळाला पराग लागलेले असतात. ह्या तिन्ही गोष्टी एकाच पाखराच्या आहेत, हे जाणण्यासाठी वर्षभर एका ठिकाणी राहावे लागते. सरकारी अंमलदार बदलीवर जाई, शिकारी हंगामापुरता येई. पण वडाळ्यासारख्या खेड्यात संसार थाटून बसलेला पाद्री पेरणीपासून सुगीपर्यंत तेथेच असे, कुणब्यांशी व वेशीबाहेरच्या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोले. ह्या स्थिरतेत त्याच्या निरीक्षणाचे अर्धे बळ होते.

ह्या सर्वांवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो डावलून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही माणसे परक्या सत्तेच्या सावलीत वावरली, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी येथल्या दैवतांविषयी जे लिहिले ते आज वाचवत नाही. शिवाय पेलीचा जो युक्तिवाद त्यांनी घरून आणला होता, की घड्याळ आहे त्या अर्थी घड्याळजी आहे, त्याच्या मुळावर १८५९ साली डार्विनने घाव घातला. युक्तिवाद गेला. परंतु टाकळीच्या थरातली गोगलगाय गेली नाही, नगरच्या पाखरांची यादी गेली नाही. सिद्धान्तासाठी पाहणारा माणूस सिद्धान्तापुरतेच पाहतो. हिस्लॉप आणि फेअरबँक त्यापेक्षा पुष्कळ जास्त पाहत होते. जे निर्माण केले गेले आहे ते खोटे सांगू नये, आहे तसे सांगावे, ही त्यांच्या लेखी धर्माची आज्ञा होती. आणि म्हणून त्यांच्या श्रद्धेशी ज्याचे काही देणेघेणे नाही तोही आज त्यांच्या नोंदींवर विसंबू शकतो. धर्मश्रद्धेची ह्याहून कडक कसोटी मला ठाऊक नाही.

मराठी मनाने मात्र ह्या परंपरेतले एकच नाव जिवाशी धरले, ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले, म्हणजे फेअरबँक अजून हयात असताना. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख सर्वतोमुखी आहे, त्यांच्या ‘वनवासी फूल’ ह्या काव्याचे नाव आजही घेतले जाते, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे त्यांचे घर आपल्या परिचयाचे झाले आहे. त्याच नगरच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरलेला हा मुलगा टिळकांच्या मायेखाली वावरला. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, टिळकांनी त्यांना आपल्या घरात ठेवले ते त्या अटीवर नव्हे. आणि मराठीतली सर्वांत निर्मळ निसर्गकविता काही काळ एका पाद्र्याच्या छपराखाली वाढली, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात अधिक ठळकपणे लिहिली जावयास हवी होती. टिळकांवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून येथे इतकेच.

कॅथलिक पंथात हीच उपासना विसाव्या शतकात निराळ्या शिस्तीने चालली. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर ह्यांनी १९०६ साली वनस्पतिसंग्रहालयाचा पाया घातला. निसर्गाभ्यासक मॅकॅन ह्यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबई इलाख्यातील गवतांवर ग्रंथ रचला, जो त्यांच्या मृत्यूनंतर १९३५ साली बाहेर पडला. गवतांवर! ज्याला आपण पायाखाली तुडवतो, गुरांपुढे टाकतो, त्याची जात न जात ओळखण्यासाठी एका पुरोहिताने डोळे झिजवले. त्यांच्यामागून स्पेनमधून आलेले फादर हर्मेनेगिल्ड संतापाव हे खंडाळ्याच्या व पुरंदरच्या वनस्पतींमागे वर्षानुवर्षे हिंडले, स्वतंत्र भारताच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले, भारताचे नागरिक झाले, १९६७ साली पद्मश्री झाले आणि १९७० साली मुंबईतच वारले.

असल्या संग्रहात एखादा आघाडा कसा जातो, ते पाहण्यासारखे आहे. फुलोऱ्यासकट उपटलेले रोप टीपकागदांत दाबून वाळवतात, जाड पांढऱ्या तावावर टाचतात आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावतात: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याची सही. आघाड्याचा तुरा लांबट, काटक. त्यावरची फळे खाली तोंड करून दांड्याला चिकटलेली, आणि त्यांची अणकुचीदार कुसे अशी की जवळून गेलेल्या धोतराच्या काठाला ती अलगद धरतात. हाच आघाडा भाद्रपदात राजूरला गणपतीच्या पत्रीत असतो. एकवीस पत्रींची ती परंपरा नीट पाहिली तर तिच्यात माका आहे, धोतरा आहे, रुई आहे, डोरली आहे, शमी आहे, बोर आहे, विष्णुक्रांता आहे. म्हणजे बांधावरची, उकिरड्यावरची, माळावरची, कोणी न लावलेली रोपे देवाच्या पायाशी नेण्यासाठी माणसाला ती आधी ओळखावी लागतात. माझ्या लहानपणी घरातल्या म्हाताऱ्या बायका माका आणि त्याच्यासारखे दिसणारे दुसरे तण ह्यांतला भेद पान चुरगाळून रस काळा पडतो की नाही ह्यावरून करीत असत. ती परीक्षा कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाने मान्य करावी अशी आहे.

फरक एवढाच की पत्रीचे ज्ञान हातातून हातात गेले आणि निर्माल्याबरोबर विसर्जित होत राहिले, तर संग्रहालयातल्या तावावर गावाचे नाव व तारीख उरली. मराठवाड्यात हे दुसरे काम मोठ्या प्रमाणावर पुढे आपल्याच माणसांनी केले. औरंगाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एन. नाईक ह्यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. जालन्याच्या शाळांतून बेथेलचा इतिहास आणि हा ग्रंथ, दोन्ही एका कपाटात ठेवले जावेत, आणि श्रावणाच्या अखेरीस पत्री गोळा करावयास निघणाऱ्या मुलांच्या हाती एक टीपकागदाची वही द्यावी, असे मला मनापासून वाटते. राजूरच्या टेकडीवर त्या वेळी एकवीसातली बहुतेक रोपे हाताच्या अंतरावर असतात.